हिवाळ्यातली डोंगरी अल्ट्रामॅरेथॉन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंगरातली निदान एक अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यत, पूर्ण करून आता बर्फ, वारा आणि लांबलचक रात्र असलेल्या शर्यतीत नाव नोंदवायचा विचार करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. पहिलीच अल्ट्रा असेल तर ती हिवाळ्यात करू नका. आधी उन्हाळ्यातली एक करा.

उन्हाळ्यात डोंगरातले ५० किलोमीटर धावलो आहे. हिवाळ्यात तेवढं अंतर जमेल ना?

पाय साथ देतील, पण वेळेचा हिशोब चुकेल. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरात चालण्याचा एक ठोकताळा दिला. ताशी ५ किलोमीटर धरा आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास वाढवा. ५० किलोमीटर आणि ३००० मीटर चढाई असेल तर उत्तर येतं १५ तास. कोरड्या पायवाटेवर धावणारा माणूस हा आकडा सहज मोडतो. घोटाभर ताज्या बर्फात तोच माणूस कसाबसा तो गाठतो, आणि गुडघाभर बर्फात वाट फोडायची वेळ आली तर ताशी दोन किलोमीटरसुद्धा होत नाहीत.

म्हणून उन्हाळ्यातल्या वेळेची दीडपट धरून आखणी करा. खाणं, बॅटरी, कपडे सगळं त्या दीडपटीला पुरायला हवं. कटऑफच्या, म्हणजे टप्पा गाठायच्या शेवटच्या वेळा हिवाळ्यासाठी वेगळ्या ठेवल्या आहेत का, हेही नियमावलीत बघून घ्या. उन्हाळ्याच्याच वेळा कायम असतील, तर नाव नोंदवायच्या आधी दोनदा विचार करा.

किती तापमानाखाली धावणं धोक्याचं असतं?

नुसत्या तापमानावरून हे ठरवता येत नाही. उणे १० अंश, कोरडी हवा आणि वारा नाही, असा दिवस तयारीच्या धावकासाठी छान असतो. अधिक २ अंश, पाऊस आणि ताशी ४० किलोमीटरचा वारा हा सगळ्यांत वाईट दिवस. अंगाला चिकटलेलं पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. कपडे भिजले की तुमच्या महागड्या थरांमध्ये अडकलेली उबदार हवा संपली.

वाऱ्याचा हिशोब असा: उणे १० अंशांना ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला उणे २० इतकी थंडी लागते. शून्य अंशाला ताशी ४० असेल तर उणे ७, आणि उणे २० ला ताशी ३० असेल तर उणे ३३. या शेवटच्या स्थितीत उघडं नाक किंवा कान १० ते ३० मिनिटांत गोठू शकतात. हे आकडे कोरड्या त्वचेसाठी आहेत. ओल त्यात धरलेली नाही.

पायथ्याचा अंदाज माथ्याला लावू नका. दर १००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. सुरुवातीच्या रेषेवर ४ अंश असतील तर १५०० मीटर वर साधारण उणे ६ असणार, आणि खिंडीत वारा दाटून येतो तो वेगळाच.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात बायिन इथे १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ पैकी २१ धावकांचा मृत्यू झाला. महिना मे होता. चढावर गारा, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा एकदम आला. वारा अडवणारं जॅकेट सक्तीच्या यादीत नव्हतं, त्यामुळे अनेकांच्या अंगावर अर्धी चड्डी आणि पातळ शर्ट एवढंच होतं. ज्या टप्प्यात हे घडलं तिथे गाडी पोचत नव्हती. मृतांमध्ये देशातले अव्वल अल्ट्रा धावकही होते.

अंगात काय काय घालायचं?

सुरुवातीच्या रेषेवर उभे असताना थोडी थंडी वाजली पाहिजे. तिथेच ऊब वाटत असेल तर पहिल्या चढावर घामाने भिजाल आणि माथ्यावर त्याची किंमत मोजाल.

त्वचेला लागून मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टरचा अंगाबरोबर बसणारा थर हवा. सुती काहीच नको, अंतर्वस्त्रसुद्धा नाही. त्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट. हे शंभर-सव्वाशे ग्रॅमचं असतं आणि हिवाळी शर्यतीत सगळ्यांत जास्त वेळ अंगावर तेच राहतं. कोरड्या थंडीत धावताना एवढे दोन थर बहुधा पुरतात. पातळ फ्लीस पिशवीत ठेवा.

पावसाच्या जॅकेटबाबत यूटीएमबी या माँ ब्लाँभोवतीच्या अल्ट्राचा निकष घ्यायला हरकत नाही: जलरोधकता किमान १०,००० मिलिमीटर, वाफेला होणारा अडथळा म्हणजे आरईटी १३ पेक्षा कमी, आणि टोपी जॅकेटलाच जोडलेली. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना, ते तपासा. जॅकेट जुनं असेल तर त्यावर पाणी ओतून पाहा. थेंब न ओघळता कापड काळपट पडत असेल तर पाणी झटकणारा लेप गेला आहे. जलरोधक कपड्यांसाठीच्या धुलाई द्रवाने धुऊन पुन्हा लेप द्या.

शेवटचा थर म्हणजे कृत्रिम तंतू भरलेलं जाड जॅकेट. ते एक माप मोठं घ्या, कारण ते सगळ्या कपड्यांच्या वरून, पावसाच्या जॅकेटच्याही वरून चढवायचं असतं. वादळात आधी जॅकेट काढा, मग फ्लीस घाला, मग पुन्हा जॅकेट चढवा, एवढ्या उठाठेवीत असलेली ऊब निघून जाते. पिसांचं जॅकेट वजनाला हलकं असतं, पण भिजलं की त्याचा बोळा होतो. कोरड्या, कडक थंडीच्या शर्यतीतच ते न्यावं.

पायांना पुढून वारा अडवणारी टाइट्स. पुरुषांनी पुढून वारा अडवणारी अंतर्वस्त्रं घ्यावीत. हे कुणी उघडपणे सांगत नाही, पण तिथेही हिमदंश होतो.

हात सारखे बधिर होतात. कोणते हातमोजे घेऊ?

एक जाड जोडी नको, तीन पातळ्या हव्यात. आत बोटांचा पातळ मोजा, त्यावर चार बोटं एकत्र राहतील असा मिटन, आणि पाऊस किंवा वारा असेल तेव्हा त्यावर जलरोधक खोळ. पातळ मोज्याची एक कोरडी जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. खोळीला मनगटात अडकवायची दोरी असू द्या. खिंडीत खोळ काढून काखेत धरली आणि ती उडाली, की पुढची रात्र एका हाताने काढायची.

मनगट नीट झाका. पोल (टेकायच्या काठ्या) धरून चालताना हात खाली असतात, त्यामुळे पावसात बाहीवरून ओघळणारं पाणी थेट मोज्यात उतरतं. म्हणून पावसात मोज्याचं तोंड बाहीच्या आत घ्या आणि बाहीचा पट्टा त्यावर आवळा. कोरड्या बर्फात हात टेकत चढायचं असेल, तर उलट मोजा बाहीच्या वर घ्या.

प्रत्येक झिपला पाच-सहा सेंटिमीटरची दोरी बांधा. घरी मिटन घालून झिप उघडा, खाऊ काढा, हेडलॅम्पची बॅटरी बदला. जे मिटन घालून जमत नाही ते डोंगरावर जमणार नाही, कारण तिथे मिटन काढलेला हात दोन मिनिटांत निकामी होतो. बोटं बधिर व्हायला लागली की थांबून खांद्यातून हात जोरात गोल फिरवा. तीसेक फेऱ्यांत रक्त बोटांच्या टोकांपर्यंत पोचतं. त्या वेळी झणझणून दुखतं, ते चांगलं लक्षण आहे.

हात गरम करणाऱ्या रासायनिक पुड्या हवेतल्या ऑक्सिजनवर चालतात. त्या गरज पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी फोडा. भिजल्या की त्या बंद पडतात.

वॉटरप्रूफ बूट घ्यावेत का?

बर्फ कोरडा आणि तापमान उणे पाचच्या खाली असेल तर घ्या, वर गेटर (बुटात बर्फ जाऊ न देणारं घोट्यावरचं आवरण) लावा. चिखल, पातळ झालेला बर्फ आणि ओढे असतील तर नको. पाणी वरून आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. अशा वाटेवर जाळीदार बूट आणि आत निओप्रीनचे किंवा जलरोधक मोजे बरे.

बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा हवा. तंग बुटात दोन जाड मोजे कोंबले की रक्तप्रवाह अडतो आणि पाय उलट जास्त गार पडतात. खरेदीला जाताना शर्यतीचेच मोजे घालून जा.

पाय तासन्‌तास ओले आणि गार राहिले तर तापमान शून्याच्या वर असतानाही इजा होते. तळवे पांढरे पडतात, सुरकुततात, आधी बधिर होतात आणि नंतर भाजल्यासारखे दुखतात. त्यामुळे ड्रॉप बॅगेत (आयोजक वाटेतल्या थांब्यावर पोचवतात त्या पिशवीत) इतर काही कमी असलं तरी चालेल, कोरडे मोजे कमी पडता कामा नयेत. चेकपॉइंटवर, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या थांब्यावर, पाय पुसून दहा मिनिटं उघडे ठेवा, जाड मलमाचा हात फिरवा, मग नवे मोजे.

मायक्रोस्पाइक्स पुरतील की क्रॅम्पॉन लागतील?

धावण्याजोग्या वाटेवर मायक्रोस्पाइक्स पुरतात. साखळीला लावलेले साधारण एक सेंटिमीटरचे दात, रबरी पट्टा, जोडीचं वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅम. कडक बर्फाचा उतार ३० अंशांच्या आसपास गेला की ते अपुरे पडतात. तिथे क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लांब, कडक लोखंडी दात), बर्फाची कुऱ्हाड आणि ती वापरायचं प्रशिक्षण लागतं. रबराच्या तळव्यात टंगस्टन कार्बाइडचे खिळे बसवलेले बूट सपाट गोठलेल्या रस्त्यासाठी उत्तम, तीव्र उतारासाठी नाहीत.

चुका दोन ठिकाणी होतात. पहिली म्हणजे स्पाइक्स उशिरा घालणं. बर्फाळ उताराच्या मध्यावर एका पायावर उभं राहून रबर ताणायची वेळ आली म्हणजे आधीच उशीर झाला. उतार दिसला की सपाटीवरच घाला. दुसरी चूक सैल माप. रबर बुटाच्या टाचेवर घट्ट बसलं पाहिजे, कारण आडव्या चालीत सैल साखळी बुटाच्या बाजूला सरकते. थंडीत रबर कडक होतं, त्यामुळे मोठं माप घ्यायचा मोह होतो. तो टाळा. शून्याच्या आसपासचा ओला बर्फ दातांमध्ये गोळा होतो आणि बघता बघता तळव्याला लाडू चिकटतो. दर काही पावलांनी पोलने बूट ठोकत जा. पोलला हिवाळ्यात रुंद चकत्या लावा.

पाण्याची नळी गोठते. काय करू?

शक्य असेल तर नळी वापरूच नका. आधी चावून प्यायचं टोक गोठतं, मग नळी, आणि पिशवीतलं दीड लिटर पाणी पाठीवर नुसतं ओझं होऊन बसतं. नळी हवीच असेल तर प्रत्येक घोटानंतर फुंकर मारून पाणी परत पिशवीत ढकला आणि नळी जॅकेटच्या आत ठेवा.

मऊ बाटल्या वाऱ्याच्या जॅकेटच्या आत, छातीशी ठेवल्या तर शरीराच्या उष्णतेवर टिकतात. कडक बाटली उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, म्हणजे तळाशी धरेल आणि झाकण मोकळं राहील. चेकपॉइंटवर गरम पाणी भरून घ्या. उणे १५ च्या खाली अर्ध्या लिटरचा थर्मास वजनासकट परवडतो.

थंडीत तहानच लागत नाही. ठरवून प्यायचं का?

थंडीत त्वचेकडचं रक्त आत वळतं, मूत्रपिंडांना वाटतं पाणी जास्त झालं, म्हणून लघवी वाढते. कोरड्या हवेत श्वासातूनही पाणी जातं. तहान मात्र मंदावते. दर अर्ध्या तासाने आठवणीने दोन-तीन घोट घ्या. पण ठरवून लिटरच्या लिटर ढोसू नका. गरजेपेक्षा जास्त पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ आणि सुजलेली बोटं ही त्याची लक्षणं. अशा वेळी आणखी पाणी पाजलं तर जिवावर बेतू शकतं.

किती आणि काय खायचं?

ताशी २०० ते ३०० कॅलरी, त्यात ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. सराव असेल त्यांना याहून जास्त पचतात. हिवाळ्यात खाणं हे थेट इंधन आहे. धावताना शरीर विश्रांतीच्या आठ-दहा पट उष्णता तयार करतं. साखर संपली की वेग पडतो, वेग पडला की उष्णता घटते, आणि कुडकुडायलाही साखरच लागते. हायपोथर्मिया झालेल्या, म्हणजे शरीराचं तापमान धोक्याइतकं उतरलेल्या, बहुतेक धावकांनी त्याआधी दोन-तीन तास नीट खाल्लेलं नसतं.

एनर्जी बार थंडीत दगड होतात. दात तुटल्याची उदाहरणं आहेत. जेल घट्ट होतं आणि पाकिटातून बाहेर यायला तयार होत नाही. सगळं आधीच सोडवून घासाएवढे तुकडे करा आणि पुढच्या दोन तासांचं खाणं आतल्या खिशात ठेवा. तेलकट, चरबीयुक्त पदार्थ कमी गोठतात, म्हणून लांब शर्यतीत सुकामेवा आणि चॉकलेट उपयोगी. चेकपॉइंटवर गरम खारं सूप मिळालं तर दोन पेले घ्या. त्याने अंग फारसं तापत नाही, पण बंद पडलेली भूक उघडते.

हेडलॅम्प, फोन आणि घड्याळाची बॅटरी किती टिकते?

खोक्यावर लिहिलेल्या वेळेच्या निम्मी धरा. लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. बॅटरी खरं तर संपलेली नसते, गरम केली की पुन्हा चालते. म्हणून बॅटरी वायरने वेगळी ठेवता येणारा हेडलॅम्प घ्या आणि ती बॅटरी जॅकेटच्या आत ठेवा. दुसऱ्या, सुट्या सेलवर चालणाऱ्या हेडलॅम्पमध्ये एकदाच वापरायचे लिथियम सेल घाला. ते उणे ४० पर्यंत चालतात, साधे अल्कलाइन नाहीत. लिथियम-आयन बॅटरी शून्याखालच्या तापमानात चार्ज केली की कायमची खराब होते. पॉवर बँक आणि फोन दोन्ही आधी अंगाशी धरून गरम करा.

धुक्यात किंवा हिमवर्षावात कपाळावरचा प्रखर झोत उलटा डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरा पडदा दिसतो. झोत कमी करा, दिवा कमरेला बांधा किंवा हातात धरून खाली टाका. बर्फातल्या पाऊलखुणांच्या सावल्या मग स्पष्ट दिसतात.

कुडकुडणं कधी साधं आणि कधी धोक्याचं?

शरीराच्या गाभ्याचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया. ३५ ते ३२ दरम्यान माणूस जोरात कुडकुडतो. ३२ च्या खाली कुडकुडणं थांबतं, आणि ही सुधारणा नव्हे. डोंगरावर थर्मामीटर कुणाकडे नसतो, म्हणून वागण्यावर लक्ष ठेवा. वस्तू हातातून पडतात, सपाटीवर पाय अडखळतात, शब्द जड होतात, साध्या प्रश्नावर माणूस चिडतो किंवा उत्तरच देत नाही. अंगठा करंगळीला टेकवायला सांगा. जमत नसेल तर पुढे पाठवू नका.

स्वतःची चाचणी त्याहून अवघड, कारण गारठलेला मेंदूच निर्णय घेत असतो. एक खूण भरवशाची आहे: «पिशवीतून जॅकेट काढून घालायला हवं, पण थांबायचा कंटाळा येतोय» असं मनात आलं, की त्याच क्षणी थांबा. हाच कंटाळा पहिलं लक्षण असतो.

माणूस कुडकुडत असेल आणि नीट बोलत असेल तर आडोशाला न्या, कोरडे कपडे चढवा, गोड आणि कोमट काहीतरी पाजा आणि निदान अर्धा तास बसवून ठेवा. लगेच धावायला लावलं तर हातापायांतलं गार रक्त गाभ्याकडे येतं आणि तापमान आणखी उतरतं. बोलणं असंबद्ध झालं असेल किंवा कुडकुडणं थांबलं असेल, तर आडवं झोपवा, चालवू नका, तोंडात काही घालू नका, हातपाय चोळू नका. उबेच्या पुड्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीवर ठेवा. अशा रुग्णाला हलवताना हिसका बसला तर हृदयाची लय बिघडू शकते.

उघड्यावर ओले कपडे काढण्याचा खटाटोप करू नका. ओल्या कपड्यांवरूनच प्लॅस्टिकची मोठी पिशवी किंवा बचाव चादर गुंडाळा आणि तिच्यावर जाड जॅकेट, स्लीपिंग बॅग घाला. बाष्पीभवन थांबलं की निम्मं काम झालं. खाली पाठपिशवी, पोल, दोरी जे असेल ते अंथरा, कारण जमीन वाऱ्याइतकीच उष्णता ओढते.

चेकपॉइंटवरून निघाल्यावरच थंडी का भरते?

आत बसलात तेव्हा घाम थंड झाला, स्नायूंचं काम थांबलं आणि शरीराने त्वचेकडचं रक्त मोकळं सोडलं. बाहेर पाऊल टाकताच ते सगळं वसूल होतं. क्रम ठरवून ठेवा. पोचायच्या पाच मिनिटं आधी काय करायचं ते मनात म्हणा. दारातच जाड जॅकेट घाला. पहिल्यांदा पाणी भरायला द्या, मग मोजे, मग खाणं. ओला आतला थर बदलायचा असेल तर आल्याआल्या बदला, निघताना नाही. निघताना सगळी बटणं, झिपा, स्पाइक्स आतच लावा आणि जाड जॅकेट अंगावर ठेवूनच पहिली दहा मिनिटं चाला. अंग तापलं की काढा. शेकोटीला किंवा हीटरला चिकटून बसू नका. तिथून उठणं फार थोड्यांना जमतं.

बोटं किंवा नाक पांढरं पडलं तर?

त्वचा पांढरी, बधिर पण दाबली तर मऊ असेल तर वरवरची बाधा आहे. उघड्या तळव्याने झाका, बोटं काखेत किंवा साथीदाराच्या पोटाला लावा. दहा मिनिटांत संवेदना परत यायला हवी. मेणासारखी कडक लागत असेल तर तो हिमदंश. बर्फाने किंवा हाताने चोळू नका, गोठलेले स्फटिक पेशी कापतात. शेकोटीला धरू नका, बधिर त्वचेला भाजलेलं कळत नाही. योग्य उपाय म्हणजे ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवणं, तेही पुन्हा गोठणार नाही अशी खात्री असेल तरच. वितळून पुन्हा गोठलेला अवयव वाचणं अवघड असतं. गोठलेल्या पायावर चालत खाली उतरणं त्यापेक्षा बरं.

चेहऱ्याला मलम थापल्याने हिमदंश टळत नाही. उलट सुरक्षित असल्याची खोटी भावना येते. कापड लावा.

थंड हवेने छाती आवळते, खोकला लागतो.

कोरडी थंड हवा श्वासनलिका आकुंचित करते. तोंडावर सैल बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) घ्या, म्हणजे आत जाणारी हवा थोडी ओलसर आणि कोमट होते. तो गोठून कडक झाला की फिरवून कोरडी बाजू पुढे आणा. दमा असेल तर पंप आतल्या खिशात ठेवा, थंडीत फवारा कमी सुटतो. श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल तर वेग कमी करून चाला. तरी थांबला नाही तर शर्यत सोडा.

डोळ्यांना काही लागतं का?

दिवसा गडद चष्मा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो आणि ढगाळ दिवशीही डोळे भाजतात. रात्री वादळात पारदर्शक चष्मा किंवा गॉगल, नाहीतर बुबुळाचा पृष्ठभाग गारठून दृष्टी धूसर होते.

मार्गावर हिमस्खलनाचा धोका असेल तर आयोजक सांगतीलच ना?

चांगले आयोजक मार्ग बदलतात. तरीही त्या भागाचं हिमस्खलन पत्रक आदल्या संध्याकाळी स्वतः वाचा. युरोपात धोका १ ते ५ अशा श्रेणीत देतात, आणि ३ चा अर्थ «मध्यम, चालेल» असा नाही. बरेच अपघात ३ लाच होतात. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. वाऱ्याने बर्फ आणून टाकलेली आडोशाची बाजू जास्त धोक्याची. धावकाकडे ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), फावडं, शोधकाठी यातलं काही नसतं, त्यामुळे अशा उताराच्या खालून सोपी वाट जात असली तरी ती तुमची नाही.

खुणेचे झेंडे बर्फात गाडले गेले तर वाट कशी शोधायची?

मार्गाची फाइल घड्याळात आणि फोनमध्ये दोन्हीकडे ठेवा, नकाशा ऑफलाइन. थंडीत स्पर्शपटल मोज्यांना दाद देत नाही, म्हणून बटणांचं घड्याळ बरं. पुढच्या पाऊलखुणांवर भरवसा ठेवू नका. पुढचाही चुकलेला असू शकतो, आणि त्याच्या मागे दहाजण गेले की चुकीची वाट राजमार्ग दिसायला लागते. दहा मिनिटं खूण दिसली नाही की थांबून तपासा. पांढऱ्या धुक्यात कड्याच्या टोकाला बर्फाची लोंबती कड असते, तिथे काठापासून चांगलं लांब राहा.

बचाव चादर पुरते की बिव्ही बॅग घ्यायची?

१.४ बाय २ मीटरची चंदेरी चादर बहुतेक यादीत असते. वाऱ्यात ती पतंगासारखी फडफडते आणि फाटते. बिव्ही पिशवीत आत शिरता येतं, वजन शंभर-दोनशे ग्रॅम जास्त. हिवाळ्यात तीच घ्या. शिट्टीचा आल्प्समधला संकेत लक्षात ठेवा: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा तेच. कुणी ऐकलं तर मिनिटात तीन वेळा उत्तर देतं.

रात्र-रात्र चालणाऱ्या शर्यतीत झोपायचं कधी?

इंग्लंड-स्कॉटलंडमधली स्पाइन रेस जानेवारीत ४३१ किलोमीटरची असते, मुदत १६८ तास. अशा शर्यतीत झोप आखलेलीच असते. एका रात्रीच्या शर्यतीत ती टाळता येते. वीस मिनिटांची डुलकी छताखाली घ्या, उघड्यावर कधीही नाही. दगड माणसांसारखे दिसू लागले तर घाबरू नका. वाट दोन-दोन दिसू लागली तर मात्र पुढच्या आडोशाला झोपा.

दुखलं तर आयबुप्रोफेन चालेल का?

नको. पाणी कमी पडलेल्या, तासन्‌तास राबलेल्या मूत्रपिंडांवर त्याचा ताण येतो, आणि ते दुखणंही झाकतं.

राहतो तिथे बर्फ पडत नाही. सराव कसा करू?

बर्फात पाय रुततो तेव्हा पोटऱ्या, मांडीचा आतला भाग आणि नितंबाचे स्नायू भरतात. मऊ वाळूत आणि चिखलात पोलसह चढ चाला. दर आठवड्याला चढाईचे मीटर मोजा, किलोमीटर नंतर. लागोपाठ दोन दिवस लांब धावणं ठेवा आणि दुसरा दिवस अंधारात सुरू करा. शर्यतीची भरलेली पिशवी निदान शेवटचे दोन महिने पाठीवर असावी, कारण हिवाळी सामानाचं ओझं तीन-चार किलोने जास्त असतं. मुसळधार पावसाचा, वाऱ्याचा एखादा दिवस मुद्दाम निवडा, एक तास भिजा, मग पंधरा मिनिटं उभे राहून कपडे बदला, खा, फोन करा. कुठला कपडा बिनकामाचा आहे ते त्या पंधरा मिनिटांत कळतं.

शर्यत कधी सोडावी?

निर्णय माथ्यावर नाही, त्याच्या आधीच्या चेकपॉइंटवर घ्यायचा असतो. अटी घरी, गरम खोलीत, कागदावर लिहा. उदाहरणार्थ: कोरडा आतला थर शिल्लक नाही, दोन तास पोटात काही टिकलेलं नाही, दोनपैकी एक दिवा बंद, हाताने स्पाइक्स घालता येत नाहीत, अंग आतून गार आहे आणि अर्ध्या तासाच्या उबेनेही कुडकुडणं थांबलेलं नाही. यातली एकही अट लागू असेल आणि पुढे उघडी धार असेल, तर क्रमांक काढून द्या. कटऑफच्या तोंडावर घाईने वर चढणाऱ्यांना सगळ्यांत जास्त त्रास होतो. त्यांच्याकडे वेग नसतो, म्हणून उष्णता नसते, आणि मागे कुणी धावकही उरलेला नसतो. सोडल्यावर आयोजकांना कळवल्याशिवाय जागा सोडू नका. न कळवता हॉटेलात जाऊन झोपलेल्या धावकाचा शोध घेत पथकं रात्रभर वादळात फिरतात.

शेवटची रेषा ओलांडल्यावर काय?

दहा मिनिटांच्या आत ओले कपडे उतरवा, फोटो नंतर. लगेच कढत पाण्याने आंघोळ करू नका. त्वचेच्या रक्तवाहिन्या एकदम उघडतात, रक्तदाब पडतो आणि माणूस न्हाणीघरात कोसळतो. आधी कोरडे कपडे, गोड पेय, थोडं खाणं, मग बसून कोमट पाणी. दारू त्या रात्री नको. पाय, बोटं, कान नीट प्रकाशात बघा. फोड आले असतील तर फोडू नका. पाण्यासारखे फोड बहुधा वरवरचे असतात, रक्त भरलेले फोड खोल इजेचे. दोन्हींसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बोटांच्या टोकांचा बधिरपणा काही आठवडे राहू शकतो. तो वाढत असेल, रंग काळपट होत असेल किंवा लघवी गडद तपकिरी येत असेल, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. आणि त्या रात्री स्वतः गाडी चालवू नका.